अमेरिकेतल्या काउंटी कोर्टातून घटस्फोटाची डिक्री कशी काढायची: पायरीपायरीने

अमेरिकेत झालेल्या घटस्फोटाचा कागद लागतो तेव्हा तो नेहमी घाईतच लागतो. दुसरं लग्न ठरलेलं असतं, ग्रीन कार्डची फाइल लावायची असते, पासपोर्टवरचं जोडीदाराचं नाव काढायचं असतं, नाहीतर मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधला इंटरव्ह्यू तीन आठवड्यांवर आलेला असतो. आणि त्या घाईत माणसं चुकीच्या ऑफिसकडे चुकीच्या कागदासाठी अर्ज करतात, दीड-दोन महिने वाट बघतात आणि मग परत पहिल्यापासून सुरू करतात. मी कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहते, ओळखीतल्या आणि ओळखीच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे कागद काढायला मदत केलीय, आणि चुका त्याच त्याच होतात म्हणून एकदाचं सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. उदाहरण मुख्यतः कॅलिफोर्नियाचं आहे, टेक्सास-न्यूयॉर्क वगैरे जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलंय.

क्रम मात्र बदलू नका. अर्ज ही पाचवी पायरी आहे, पहिली नाही.

१. नेमका कुठला कागद हवाय ते आधी ठरवा

घटस्फोटाचा कागद म्हणून तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी फिरत असतात.

डिक्री किंवा जजमेंट म्हणजे न्यायाधीशाच्या सहीचा खरा निकाल, आणि तो फक्त कोर्टात मिळतो. कॅलिफोर्नियात त्याचा फॉर्म एफएल-१८०, त्याच्यावर मोठ्या अक्षरात जजमेंट लिहिलेलं असतं. दहापैकी नऊ वेळा हाच लागतो, तोही सर्टिफाइड, म्हणजे आपण कोर्टात नक्कल काढतो तशी क्लर्कच्या सही-शिक्क्याची प्रत.

सर्टिफिकेट किंवा व्हेरिफिकेशन लेटर हे राज्याच्या आरोग्य खात्याकडून मिळतं, त्यात दोघांची नावं, तारीख, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एवढंच. टेक्सासचं खातं १९६८ पासूनच्या घटस्फोटांचं असं पत्र देतं पण ते डिक्रीच्या जागी चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे तर फक्त १९६२ ते जून १९८४ पर्यंतच्याच नोंदी आहेत, त्यामुळे २०१५ सालच्या घटस्फोटासाठी तिकडे पैसे पाठवून काही उपयोग नाही. न्यूयॉर्कचं खातं १ जानेवारी १९६३ पासूनची सर्टिफिकेटं देतं.

आणि तिसरा, सगळ्यात जास्त फसवणारा कागद म्हणजे एफएल-१९०, नोटीस ऑफ एंट्री ऑफ जजमेंट. निकालाची नोंद झाली असं कळवणारं हे कोर्टाचं पत्र, त्यावर क्लर्कचा शिक्का असतो, तारीख असते, दिसायला अगदी अधिकृत, आणि घटस्फोटानंतर घरी पोस्टाने तेच येतं म्हणून लोक वर्षानुवर्षं तेच डिक्री समजून जपून ठेवतात. एका ताईंनी मला पुण्याहून फोटो पाठवला, लग्न नोंदणीची तारीख घेऊन झालेली, आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधे जपलेलं होतं ते हेच एक पान. निकाल त्यांच्याकडे नव्हताच.

जिथे कागद द्यायचाय त्यांना नेमकं विचारा आणि शक्यतो ईमेलवर उत्तर घ्या: फायनल डिक्री हवी का, सर्टिफाइड हवी का, सगळी पानं हवीत का, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारने जोडलेलं प्रमाणपत्र) हवं का. यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, अर्जासोबत साधारण साधी झेरॉक्स चालते, कॉन्सुलेटच्या इंटरव्ह्यूला सर्टिफाइड प्रत हातात लागते, आणि सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात नाव बदलायला गेलात तर झेरॉक्सच काय, नोटरी केलेली प्रतसुद्धा घेत नाहीत.

सावधान: आपल्याकडच्या सवयीने झेरॉक्सवर ट्रू कॉपीचा शिक्का मारून घेऊ नका. कोर्टाच्या कागदाची सर्टिफाइड प्रत कोर्टाचा क्लर्कच देतो, कॅलिफोर्नियाच्या नोटरीला तर तो अधिकारच नाही.

२. काउंटी शोधा: शहर नाही, काउंटी

अमेरिकेत घटस्फोटांची देशभराची एक यादी नाही. पेसर नावाची जी कोर्टाची वेबसाइट आहे ती फेडरल कोर्टांची, तिथे घटस्फोट सापडणारच नाही, तिथे खातं उघडू नका. केस जिथे दाखल झाली त्या काउंटीतच फाइल असते. लग्न कुठे झालं, आत्ता कोण कुठे राहतं, याच्याशी काही संबंध नाही. लग्न नाशिकला झालेलं असू दे नाहीतर लास व्हेगसला.

आता शहरावरून काउंटी ओळखताना घोळ होतो. फ्रीमॉन्ट आणि मिलपिटस अगदी शेजारी, पण फ्रीमॉन्ट अलामिडा काउंटीत आणि मिलपिटस सँटा क्लारात. टेक्सासमधलं फ्रिस्को अर्धं कॉलिनमधे, अर्धं डेंटनमधे. ह्यूस्टनजवळच्या केटीच्या पत्त्यात तर हॅरिस, फोर्ट बेंड, वॉलर अशा तीन काउंट्या येऊ शकतात. न्यू जर्सीत एडिसन मिडलसेक्समधे, जर्सी सिटी हडसनमधे. म्हणून त्या वेळचा पूर्ण पत्ता शोधा, जुनं लीज, जुना टॅक्स रिटर्न, काहीही, आणि त्या पत्त्याची काउंटी बघा.

पत्ते दोन-तीन असतील तर राहण्याचा नियम कामाला येतो. कॅलिफोर्नियात केस टाकायला दोघांपैकी एकजण राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेला लागतो, टेक्सासमधे राज्यात सहा महिने आणि काउंटीत नव्वद दिवस. म्हणजे केस टाकली त्या दिवसाच्या आधीचे तीन महिने दोघं कुठे कुठे होता ते लिहून काढा, काउंटी त्यातलीच एक. आणि हो, केस समोरच्याने टाकली असेल तर त्याच्या पत्त्याची काउंटी पण धरा, बरेच जण फक्त स्वतःच्याच पत्त्याने शोधत बसतात आणि सापडत नाही म्हणून घाबरतात.

३. त्या काउंटीतलं बरोबर ऑफिस

आपण सरसकट काउंटी कोर्ट म्हणतो पण प्रत्येक राज्यात नाव वेगळं, आणि नाव चुकलं की अर्ज परत.

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आणि प्रत्येकीचं सुपीरियर कोर्ट. सँटा क्लारात कौटुंबिक केसेस सॅन होजेला नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवरच्या फॅमिली जस्टिस सेंटरमधे चालतात. टेक्सासमधे डिस्ट्रिक्ट क्लर्क. इथे नीट लक्ष द्या, कारण टेक्सासमधे काउंटी क्लर्क हे वेगळं ऑफिस आहे, तिथे लग्नाचं लायसन मिळतं आणि घटस्फोटाची डिक्री मिळत नाही, आणि नावात काउंटी आहे म्हणून सगळे तिकडेच जातात. इलिनॉयमधे सर्किट कोर्टाचा क्लर्क, फ्लोरिडातही तसंच, पेन्सिल्व्हेनियात बहुतेक काउंट्यांमधे प्रोथोनोटरी असं विचित्र नाव आहे, मॅसॅच्युसेट्समधे प्रोबेट अँड फॅमिली कोर्ट. न्यूयॉर्कमधे घटस्फोट सुप्रीम कोर्ट देतं, पण ते तिथलं खालचंच कोर्ट आहे, नाव ऐकून दिल्लीसारखं काही समजू नका, आणि कागद मिळतो त्या काउंटीच्या काउंटी क्लर्ककडे. म्हणजे टेक्सासच्या बरोबर उलटं.

न्यूयॉर्कचा अजून एक मोठा फरक: तिथली घटस्फोटाची फाइल गोपनीय असते, नवरा, बायको किंवा त्यांचे वकील यांनाच मिळते, दुसऱ्या कुणाला पाठवायचं तर नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधे निकाल साधारणपणे सार्वजनिक असतो, त्यामुळे तिथे मित्राने जाऊन काढून आणला तरी चालतो.

तपासून घ्या: ऑफिसची वेबसाइट काउंटीच्या किंवा राज्याच्या कोर्टांच्या मुख्य साइटवरून जाऊन उघडा. सर्च केल्यावर वरवर दिसणाऱ्या, महिन्याचे पैसे घेऊन घटस्फोटाचं रेकॉर्ड दाखवतो म्हणणाऱ्या साइट खासगी असतात, त्यांच्याकडून सर्टिफाइड प्रत मिळत नाही.

४. केस नंबर, आणि आपल्या नावांचं स्पेलिंग

केस नंबर असेल तर काम दहा मिनिटांचं, नसेल तर क्लर्कला शोधायला लागतं आणि त्याची फी वेगळी. कॅलिफोर्नियात शोधायला दहा मिनिटांच्या वर वेळ गेला तर १५ डॉलर. म्हणून आधी स्वतः शोधा. जुन्या वकिलाचं बिल, कोर्टातून आलेलं कुठलंही पत्र, वर सांगितलेली ती एफएल-१९० नोटीस, या सगळ्यांवर उजव्या कोपऱ्यात नंबर असतो. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच काउंट्यांच्या नंबरमधे एफएल ही अक्षरं दिसतात, शिकागोच्या कुक काउंटीत वर्षानंतर डी येतो.

काहीच नसेल तर कोर्टाच्या पोर्टलवर नावाने शोधायचं. आणि इथेच आपली नावं अडवतात. कोर्टाच्या कॉम्प्युटरला उच्चार कळत नाही, अक्षर कळतं. वैद्य, वाघ, विद्या हे व्हीने की डब्ल्यूने, दीक्षितमधे आय एक की ई दोन, श्रीमधे ई दोन की आय, जोशीच्या शेवटी आय की वाय, हे सगळे प्रकार टाकून बघा. लग्नानंतर बायकोचं मधलं नाव म्हणून नवऱ्याचं नाव लागतं, ते कधी फर्स्ट नेममधेच चिकटवलेलं असतं. दुहेरी आडनाव डॅशने की जागा सोडून. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकेतल्या कागदांवर पूर्ण नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) येतं, तर केसही तशीच नोंदलेली असू शकते. आणि सगळ्यात सोपा उपाय लोक विसरतात, समोरच्याच्या नावाने शोधा, त्याचं नाव सोपं असेल तर केस पटकन सापडते.

केस उघडली की कागदांची आणि तारखांची यादी दिसते, रजिस्टर ऑफ ॲक्शन्स. त्यात जजमेंट अशी नोंद आहे का बघा आणि तिची तारीख उतरवून घ्या. कॅलिफोर्नियात कौटुंबिक केसचे कागद सर्वसामान्य लोकांना घरबसल्या ऑनलाइन दिसत नाहीत, फक्त यादी दिसते, त्यामुळे पीडीएफ उघडत नाही म्हणजे फाइल हरवली असं समजू नका.

सावधान: तारीख अमेरिकन पद्धतीने लिहा, आधी महिना मग दिवस. ४ जुलै आपण ४/७ लिहितो, तिकडे ते ७ एप्रिल होतं. महिना अक्षरातच लिहिलेला बरा.

तपासून घ्या: यादीत जजमेंट दिसतच नसेल तर थांबा, प्रतीचा अर्ज करू नका. केस टाकली पण पुढे कागद पूर्ण झाले नाहीत, डिसमिस झाली, असं खरंच होतं, आणि दोघांना वाटत असतं की घटस्फोट झालाय. अशा वेळी वकील गाठा.

५. अर्ज

तीन रस्ते: ऑनलाइन, खिडकीवर, पोस्टाने. ऑनलाइन सोय सगळ्या काउंट्यांत नाही, जिथे आहे तिथे सगळ्यात सोपं. खिडकीवर गेलात तर नवीन केसची प्रत बऱ्याचदा त्याच दिवशी मिळते, जुनी फाइल बाहेरच्या गोदामात किंवा मायक्रोफिल्मवर असेल तर मागवायला वेळ लागतो, म्हणून जायच्या आधी फोन करून फाइल कुठे आहे तेवढं विचारा.

पोस्टाने पाठवायचं तर पाकिटात हे सगळं एकत्र: कोर्टाचा प्रत मागायचा फॉर्म असेल तर तो, नसेल तर साधं पत्र, दोघांची पूर्ण नावं, बदललेल्या स्पेलिंगसकट, केस नंबर, जजमेंटची तारीख, किती प्रती, तुमचा फोन आणि ईमेल, चेक, आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं, पुरेसे अमेरिकन स्टॅम्प लावलेलं मोठं पाकीट. हे पाकीट विसरलं की अर्ज तसाच पडून राहतो.

पत्रात नुसतं घटस्फोटाचे कागद पाठवा असं लिहू नका. असं लिहा: या केसमधल्या एफएल-१८० जजमेंटच्या, सर्व जोडपत्रांसकट, दोन सर्टिफाइड प्रती हव्यात. जोडपत्रांचा विचार नीट करा बरं का. इमिग्रेशनसाठी बहुतेक वेळा मुख्य निकाल पुरतो, पण मुलांचा ताबा किंवा मालमत्तेचं काही दाखवायचं असेल तर त्याला जोडलेला समझोता पण लागतो, आणि तो चाळीस पानी असू शकतो. त्या समझोत्यात बँक खाती, पगार, मुलांची माहिती असते, मग ज्याला गरज नाही त्याच्या हातात ते कशाला द्यायचं, म्हणून मी सांगते की एक प्रत पूर्ण आणि एक फक्त मुख्य निकालाची, असं विचारून बघा.

फीचं: कॅलिफोर्नियात घटस्फोटाच्या निकालाच्या सर्टिफिकेशनचे १५ डॉलर आणि पानाला ५० सेंट. इतर कोर्टकागदांच्या सर्टिफिकेशनला ४० डॉलर लागतात, म्हणून अर्जात घटस्फोटाचा निकाल हे शब्द स्पष्ट हवेत. पाठवायच्या दिवशी त्या कोर्टाचं फी शेड्युल एकदा बघा. पानं किती ते माहीत नसेल तर चेकवर रक्कम रिकामी ठेवून खाली अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही असं लिहितात, बऱ्याच कोर्टांत हे चालतं, पण आधी विचारा.

तुम्ही भारतात असाल तर रुपयातला ड्राफ्ट किंवा भारतीय बँकेचा चेक पाठवू नका, तो परतच येणार. अमेरिकेतल्या एखाद्या जवळच्या माणसाला त्याचा चेक आणि त्याचाच पत्ता घालून अर्ज करायला सांगा, म्हणजे अपॉस्टिल लागलं तर तो तिथूनच पुढे पाठवेल आणि कागद समुद्र दोनदा ओलांडणार नाही.

६. कागद आला की त्याच दिवशी तपासा

पाकीट आल्यावर बघायचं ते असं. शेवटच्या पानावर, नाहीतर मागच्या बाजूला, सर्टिफिकेशनचा मजकूर, क्लर्कची सही, तारीख आणि कोर्टाचा शिक्का हवा. काही काउंट्यांचा शिक्का शाईचा असतो, काहींचा उठावाचा, म्हणजे दिसत नाही पण पानावरून बोट फिरवलं की खडबड जाणवते, पान उजेडाकडे तिरकं धरलं की गोल दिसतो.

मग एफएल-१८० वर वरच्या चौकटीत वैवाहिक स्थिती संपल्याची तारीख असते ती बघा. ही तारीख आणि कोर्टात कागद दाखल झाल्याची तारीख वेगळी असू शकते, कारण कॅलिफोर्नियात समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून किंवा तो कोर्टात हजर झाल्यापासून किमान सहा महिने जाईपर्यंत लग्न संपत नाही. व्हिसाच्या फॉर्मवर किंवा दुसऱ्या लग्नाच्या अर्जात घटस्फोटाची तारीख म्हणून हीच लिहायची. दाखल झाल्याची लिहिली आणि मधल्या काळात दुसरं लग्न केलेलं असलं तर फार मोठा प्रश्न उभा राहतो.

त्याच फॉर्मवर चौकोनांमधे खुणा असतात. कायदेशीर विभक्ती, विवाह रद्द, आणि विवाह विच्छेद म्हणजे डिसोल्युशन, तिन्हींना हाच फॉर्म, तेव्हा डिसोल्युशनच्या चौकोनात खूण आहे ना ते बघा. कधी लग्न आधी संपवतात आणि पैशाचा निकाल नंतर देतात, अशा केसमधे दोन जजमेंट असतात, आणि तुमच्या हातात नंतरचं आलं असेल तर पहिलं परत मागवायला लागतं. मॅसॅच्युसेट्समधे जजमेंट नायसाय आधी येतं आणि नव्वद दिवसांनी ते पक्कं होतं, म्हणून तिथून डिव्होर्स ॲब्सोल्यूटचं सर्टिफिकेट घ्या.

लग्नाआधीचं नाव परत घेतलं असेल तर ते निकालात शब्दशः लिहिलंय का, बरोबर स्पेलिंगने, हे पण बघा. पासपोर्टला त्याच ओळीवरून नाव बदलतात.

सावधान: स्टेपल काढू नका. स्कॅन करायला सोपं जावं म्हणून बहुतेक जण पहिली तीच काढतात, मी पण एकदा काढली होती, आणि पुढच्या ऑफिसने ती प्रत घेतली नाही कारण पानं सुटी झाली की सर्टिफिकेशन कशाचं आहे ते सांगता येत नाही. पानं दुमडून फोनने फोटो घ्या, किंवा तिरकी ठेवून स्कॅन करा. लॅमिनेशन तर अजिबात नको.

७. भारतात वापरायचं असेल तर अपॉस्टिल

अमेरिका आणि भारत दोघंही अपॉस्टिलच्या करारात आहेत, भारत २००५ पासून. कोर्टाच्या कागदावर अपॉस्टिल देतं ते राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेट ऑफिस. वॉशिंग्टनमधलं परराष्ट्र खातं फक्त फेडरल कागदांना देतं, तिकडे पाठवू नका. आणि राज्य म्हणजे डिक्री दिली ते राज्य, तुम्ही आत्ता राहता ते नाही: घटस्फोट सॅन होजेला आणि तुम्ही आता डॅलसला असाल तरी पाकीट कॅलिफोर्नियाच्या राजधानीला, सॅक्रामेंटोलाच जाणार. कॅलिफोर्नियात एका अपॉस्टिलचे २० डॉलर, स्वतः जाऊन केलं तर वर ६ डॉलर. सोबतच्या पत्रात देशाचं नाव भारत असं लिहायचं. न्यूयॉर्कमधे मधे काउंटी क्लर्कचं आणखी एक सर्टिफिकेशन लागू शकतं, ते प्रत घेतानाच खिडकीवर विचारून घ्या.

क्लर्कचा शिक्का असला की भारतात आपोआप चालतं असं नाही. १९९१ च्या वाय. नरसिंह राव खटल्यात मिझुरीच्या सेंट लुईस काउंटीच्या कोर्टाची डिक्री होती, प्रत क्लर्कने सर्टिफाय केलेली होती, तरी आपल्या सुप्रीम कोर्टाने ती पुरावा म्हणून घेतली नाही, कारण तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं सर्टिफिकेशन त्यावर नव्हतं. त्याच निकालात परदेशी डिक्री मुळात कधी मानायची हेही सांगितलंय, आणि समोरच्याने खरोखर हजर राहून ते कोर्ट मान्य केलं होतं का, घटस्फोट कुठल्या कारणावर झाला, याला तिथे फार महत्त्व आहे. म्हणून डिक्री एकतर्फी असेल तर कागदावर पैसे घालायच्या आधी भारतातल्या कौटुंबिक वकिलाला तिचा स्कॅन दाखवा आणि कशी प्रत हवी ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

अपॉस्टिलचं पान डिक्रीला जोडूनच येतं, त्याचीही स्टेपल काढायची नाही. दोन प्रती मागवल्या असतील तर अपॉस्टिल एकीवरच करा, दुसरी सर्टिफाइड प्रत बिनअपॉस्टिलची तशीच ठेवा, ती अमेरिकेतल्या कामांना लागते. आणि पाकिटावर पेनने केस नंबर, काउंटी आणि वैवाहिक स्थिती संपल्याची तारीख लिहून ठेवा, पुढचा प्रत्येक फॉर्म या तीन गोष्टी विचारतो.